माझ्या हातावर तिचा दिवा

माझ्या बायकोच्या किडनीचा दिवा माझ्या हातावर हिरवागार जळत होता, आणि समोर ती खापराशेजारी आडवी झाली.

मांडा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरला होता, नुसता खापरावर टाकायचा बाकी होता. तिचे हात थांबले. मग गुडघे गेले. मांडा तिच्या छातीवर ओल्या रुमालासारखा पडला आणि शेजारच्या चुलीपाशी मांडे करणारी तिची जोडीदारीण कोकिळा ओरडली, "ताई! अहो भाऊजी, धावा, ताईला बघा!"

मी धावलो. आणि धावताना पहिलं काम काय केलं? शर्टाची बाही खाली ओढली. बायको जमिनीवर पडलीय आणि नवरा बाही ओढतोय. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

सांगतो, नीट सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस खुळाच दिसतोय.

मी लीलाधर बऱ्हाटे. फैजपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळलेल्या मोटारी माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्यात तांब्याची तार नव्याने भरून देतो. हात काळे, तोंड बडबडं. माझी बायको वैजयंता, सगळ्या भागात वैजूताई म्हणून ओळखतात तिला. लग्नकार्यात खापरावरचे मांडे करून देणारी बायकांची टोळी आहे तिची, आणि ती त्या टोळीची मुकादम. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाटावर मावणार नाही एवढी. पुरण भरलेला उंडा थोडा लाटून घ्यायचा, मग या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवायचा, मनगटापासून कोपरापर्यंत, पलीकडचं दिसेल इतका पातळ. खाली चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं, त्यावर तो अलगद टाकायचा. यंत्रांना सगळं जमलं भो, मांडा नाही जमला. फाटतो त्यांच्याकडून. म्हणून दोन हजार बेचाळीसच्या उन्हाळ्यातही, पारा एकोणपन्नासला टेकलेला असताना, आमच्याकडच्या जेवणावळीत आमरसाबरोबर वैजूच्या हातचाच मांडा लागायचा.

आता दिव्याचं सांगतो.

आमच्या भागात मधे अशी वेळ आली होती की घरटी एक माणूस डायलिसिसवर. केळीच्या बागेत राबणारे, वीटभट्टीवाले, आचारी, सगळी कामाची माणसं. दारू नाही, साखर नाही, तरी किडनी गेलेली. शोधता शोधता कळलं की ऊन, कमी पाणी आणि दुखायच्या गोळ्या या तिघांनी मिळून हे केलं. गोळ्या तर आम्ही फुटाण्यासारख्या खायचो. कंबर दुखली, खा. उद्या दुखेल, आजच खा. मग सरकारने कायदा केला. उन्हात किंवा आगीपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाने हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मधे, एक पट्टी चिकटवायची. कागदावर तिचं नाव वृक्कदर्शक. असलं नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून आम्ही म्हणतो दिवा.

पट्टीखाली केसाहून बारीक सुया असतात. त्या कातडीत एका चमकणाऱ्या रंगाचा कण सोडतात. हा रंग अंगात कुठे मुरत नाही, कुठे जिरत नाही. तो बाहेर काढायचा तर फक्त किडनीनेच गाळून काढायचा. पट्टीतला बारकासा डोळा बघत बसतो की कातडीतली चमक किती लवकर विझतेय. भराभर विझली तर किडनी कामात आहे, दिवा हिरवा. रेंगाळली तर पिवळा. तशीच राहिली तर लाल. हिरवा असेल तरच चुलीपाशी उभं राहायचं, आणि हिरवा असेल तरच मेडिकलवाला दुखायची गोळी देणार. काउंटरवरच्या यंत्रापुढे हात धरायचा, टिंग वाजलं की गोळ्या मिळाल्या. पुढे पुढे दवाखान्यांनीही या दिव्यावर भरवसा टाकला. ज्याला दिवा आहे त्याची किडनीसाठी वेगळी रक्ततपासणी कोण करणार? कशाला?

इतकी हुशार माणसं, सगळा विचार केला त्यांनी. फक्त मांड्याचा नाही केला.

पट्टी लावून वैजू पहिल्यांदा चुलीपाशी बसली, एका साखरपुड्यात, तो दिवस मला आठवतो. उंडा हातावर घेतला, झेलला, वाढवला, आणि पट्टीच्या कडेला अडकून टरकन फाटला. दुसरा घेतला, फाटला. तिसराही. मुलाकडच्या बायका बघायला उभ्याच होत्या. एक जाडजूड बाई हसून म्हणाली, "यापेक्षा आमच्या घरची पोळी बरी की हो!" वैजूचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली. तिच्या आईच्या हातचा मांडा फाटला नव्हता, तिच्या आजीच्या हातचा फाटला नव्हता. फाटका मांडा पानात वाढणं म्हणजे आमच्यात अन्नाचा अपमान, आणि करणारीचा त्याहून मोठा.

ती उठली, मला मंडपामागे घेऊन गेली, पट्टी सोलून काढली आणि माझ्या हातावर दाबून बसवली.

"अगं, हे काय करतेस?"

"गार पडली तर बोंबलते ही, लगेच कचेरीत निरोप जातो. तोवर तुमच्या हातावर राहू द्या. हात गरम आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग झालं. मांडे उरकले की परत घेते."

परत घेतली नाही. तुळशीचं लग्न लागलं आणि मुहूर्त सुरू झाले. एक लग्न उरकलं की दुसरं. पट्टी महिन्याला बदलायची असते. नर्सबाई वैजूच्या हातावर लावून द्यायची आणि घरी आल्यावर ती माझ्या हातावर यायची. टोळीतल्या बाकीच्या बायकांनीही तेच केलं, कुणी सासूच्या हातावर लावली, कुणी बहिणीच्या. त्यात कुणाला पाप वाटलं नाही. मांडा फाटू नये एवढंच सगळ्यांना हवं होतं.

मग तिचा खांदा सुरू झाला. उजवा. हात वर जाईना, केस विंचरता येईनात. मी म्हटलं, "थोडे दिवस थांब." ती म्हणाली, "मी थांबते, मुहूर्त थांबतात का?" मी मेडिकलवर गेलो आणि हात धरला. टिंग. मेडिकलवाला मला लहानपणापासून ओळखतो. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, पडद्यावर वैजयंता बऱ्हाटे हे नाव पाहिलं आणि म्हणाला, "लीलाधरभाऊ, वहिनींचा हात लई केसाळ झाला हो!" दोघंही हसलो. त्याने गोळ्या दिल्या, मी घेतल्या. कायद्याने माझ्या बायकोला वाचवायला जे यंत्र बसवलं होतं, त्याच्यापुढे माझी किडनी धरून मी तिला गोळ्या आणून देत होतो. हसत हसत.

आधी लग्नाच्या दिवशी एक. मग सकाळ-संध्याकाळ. मग मधे कधी कळ आली तर आणखी एक.

आणि पाण्याचं विचारूच नका. लग्न असतं कुणाच्या तरी शेतात. मंडपाला गारवा, वर ड्रोन फिरतायत, नवरदेवावर गुलाबपाकळ्या पडतायत. आणि मांडेवाल्या बायकांसाठी संडास? नाही. उघड्या रानात, पाचशे माणसांच्या वावरात, दिवसाढवळ्या कुठे जाणार त्या? म्हणून त्यांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं, की कामावर पाणी प्यायचंच नाही. पहाटे घोटभर, आणि पुढे गोळी उतरवायला जेवढं लागेल तेवढं. चुलीपुढे घाम नुसता गळतोय, आणि आत जातंय काय, तर गोळी.

फाल्गुनात एका संध्याकाळी ओट्यावर बसून तिने हाक मारली, "अहो, दुकानातली पक्कड आणा."

"कशाला?"

"आणा म्हटलं ना."

तिच्या पायांकडे पाहिलं. सुजून पाव झालेले. जोडवी बोटांत रुतली होती, बोटं निळसर पडली होती. लग्नातली जोडवी, माझ्या आईने घातलेली. तार तोडायच्या पक्कडीने मी ती तोडली. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"वैजू, दवाखान्यात जाऊ."

"उन्हाळ्यात सुजतात पाय."

"असे? आणि तुला जेवणही जात नाही. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणतेस."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दिवा कोणता आहे?"

मी बाही वर केली. "हिरवा."

"मग?"

खरं सांगू, मला हायसं वाटलं. तो दिवा माझा आहे, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तरी तो हिरवा रंग बघून दोघांना बरं वाटलं. इतके महिने तिच्या नावाचा दिवा बघून बघून आमच्या डोक्यात कुठेतरी तो तिचाच झाला होता. माणूस इतका बावळट होतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलला असता.

आणि चैत्रात, सावद्याजवळच्या त्या लग्नात, ती पडली.

ॲम्ब्युलन्स आली. बिनचालकाची. पुढे कुणी नाही, मागे एक खाट आणि छतातून बोलणारी एक बाई. कोकिळा आणि मी वैजूला चढवून आत बसलो. दार लागलं तशी वैजूने डोळे उघडले आणि माझी बाही ओढली. आवाज फुटत नव्हता तिचा.

"लावा."

"काय?"

"पट्टी. माझ्या हाताला लावा. आता."

"वैजू, अगं जीव..."

"टोळीचा परवाना जाईल. आठ घरं आहेत माझ्या मागे." तिने श्वास घेतला. "कुणाला काही बोललात तर धनूची आण आहे तुम्हाला."

धनू आमची एकुलती एक लेक, पुण्याला असते. तिची आण वैजूने आजवर कधी घातली नव्हती. मी पट्टी सोलली आणि तिच्या हातावर दाबली. दिवा हिरवाच राहिला, फक्त लुकलुकायला लागला. नव्या जागी लावली की पट्टी आधी नवा रंग सोडते आणि मोजून व्हायला दोन-अडीच तास घेते. तोवर जुनाच निकाल दाखवत राहते.

छतातली बाई बोलली, "रुग्णाची मूत्रपिंडे सुस्थितीत आहेत. उष्माघाताची शक्यता. मार्गस्थ होत आहोत."

"कसली सुस्थितीत, तुझ्या..." मी ओरडलो आणि थांबलो. वैजू माझ्याकडे बघत होती. कोकिळाही बघत होती.

"भाऊजी," कोकिळा हळू म्हणाली, "ताई म्हणतात तसं राहू द्या. एकीने लबाडी केली तर सगळ्या टोळीला घरी बसवतात. माझ्या घरात कमावणारं दुसरं कोण आहे?"

मी बाही पुन्हा खाली ओढली. जळगावपर्यंतचा रस्ता कसा गेला ते मला सांगता येणार नाही. वैजू दोनदा ओकली. कमरेत कळ येत होती तिला, ओठ चावून ती सहन करत होती. आणि तिच्या हातावर तो दिवा आपला लुकलुकतोय. हिरवा, हिरवा, हिरवा.

हॉस्पिटलात डॉक्टर तडवी होत्या. रुबिना तडवी. बाई तरुण होत्या पण गडबडीत नव्हत्या, बोलणं स्पष्ट. त्यांनी वैजूच्या पट्टीवर आपल्या यंत्राचं टोक टेकवलं आणि पडद्यावर तुळशीच्या लग्नापासूनची सगळी नोंद उघडली. एकसारखी हिरवी रेष.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "किडनीचा प्रश्नच नाही. छान ठेवलीय. काका, उष्माघात आहे, पण ही कमरेतली-पोटातली कळ मला वेगळी वाटतेय. खडा असेल किंवा आतड्याचं काही असेल. शिरेतून रंग देऊन स्कॅन करून घेऊ. त्याआधी दुखणं थांबवायला इंजेक्शन देते." त्या सिस्टरकडे वळल्या. "डायक्लो द्या. आणि सलाईन जोरात सोडा."

डायक्लो. तेच औषध. रोज मी हात धरून आणत होतो, तेच आता तिच्या शिरेत जाणार होतं. वर तो स्कॅनचा रंग, तोही किडनीनेच गाळायचा. मी डॉक्टर नाही, पण पट्टीबरोबर जी पत्रकं घरोघर वाटली होती त्यांत या दोन्ही गोष्टी लाल अक्षरांत छापलेल्या होत्या. आम्ही ती पत्रकं उंड्यांखाली अंथरायला वापरली.

सिस्टर सिरिंज भरत होती. मी वैजूकडे पाहिलं. ती शुद्धीवर होती. तिने एक बोट माझ्या शर्टाच्या गुंडीत अडकवलं होतं, घट्ट. डोळ्यांनीच सांगत होती, बोलू नका. दारात कोकिळा पदराचं टोक तोंडात धरून उभी. आमच्या संसारात वैजूने सांगितलं आणि मी ऐकलं नाही, असं कधी झालं नव्हतं. दुकानात कुणालाही शिव्या घालणारा मी, घरात तिचा शब्द शेवटचा. ती शहाणी म्हणून, आणि खरं म्हणजे मला तिची भीती वाटते म्हणून.

सिस्टरने कापसाने नळी पुसली.

"थांबा!" माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "इंजेक्शन देऊ नका. तो दिवा तिचा नाही."

"म्हणजे?" डॉक्टरबाई वळल्या.

मी बाही कोपरापर्यंत वर सारली. आत, मनगट आणि कोपर यांच्या मधे, पट्टीच्या आकाराचा पांढरा चौकोन. बाकी हात उन्हाने रापलेला, त्यात तेवढीच कातडी कोवळी, आणि तिच्यावर सुयांचे बारीक लाल ठिपके. "माझा आहे तो. ही सगळी हिरवी रेष माझी आहे. गाडीत मी तिच्या हाताला लावला."

वैजूचं बोट गुंडीतून सुटलं.

डॉक्टरबाईंचा चेहरा पालटला, पण ओरडल्या नाहीत. "सिस्टर, ते बाजूला ठेवा. सलाईन थांबवा. काका, गोळ्या कुठल्या? किती?"

"हीच. डायक्लो. रोज दोन, कधी तीन."

"केव्हापासून?"

"तुळशीच्या लग्नापासून."

"आज लघवी झालीय का यांना?"

मला काय माहीत? नवऱ्याला बायकोचं हे माहीत असतं का कधी? मी वैजूकडे बघितलं, तिने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कालपासून नाही." कोकिळा. पदर तोंडातून काढला होता तिने आणि ढसाढसा रडत होती. "कालपासून नाही गेल्या ताई. परवाही नुसती नावाला. मी सोबत असते ना त्यांच्या, मला माहीत आहे."

पुढे सगळं भराभर झालं. छातीला तारा लावल्या. पडद्यावर हृदयाची रेष आली. टोकं उंच, अणकुचीदार, उभ्या केलेल्या तंबूंसारखी. ती बघून डॉक्टरबाई एकदाच म्हणाल्या, "या अल्ला." मग दुसऱ्याच इंजेक्शनाचं नाव घेतलं आणि मला बाहेर काढलं. जाता जाता एवढंच सांगितलं, की किडनी बंद पडल्यामुळे रक्तात पोटॅशियम साचलंय, हृदय कधीही थांबू शकतं, डायलिसिसवर घेतोय.

बाहेर बाकावर कोकिळा आणि मी बसून राहिलो. कितीतरी वेळाने एक सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "तुमच्या पेशंटचा दिवा लागला." काच होती, काचेतून दिसत होतं. वैजूच्या हातावर लाल. इतके महिने तो लाल तिच्या अंगात जळत होता, आणि आम्ही हिरवा बघत बसलो होतो. त्या वेळी मी रडलो. बायकांसमोर रडलो, लाज वाटली नाही.

उन्हं कलल्यावर डॉक्टरबाई आल्या. धोका टळला होता. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"काका, तुम्ही काम काय करता?"

"मोटारी भरतो. पंपाच्या."

"मग तुम्हाला समजेल. किडनीत लाखो बारीक गाळण्या आहेत. त्यांच्यात रक्त दाबाने यावं लागतं. अंगात पाणी कमी पडलं की रक्त कमी येतं. तेव्हा शरीर स्वतःच एक रसायन तयार करतं आणि गाळणीत येणारी नळी रुंद करून ठेवतं, म्हणजे थोड्या रक्तातही काम चालू राहतं. आता गंमत बघा. जखमेत, सांध्यात दुखतं तेही त्याच जातीच्या रसायनांमुळे. दुखायची गोळी ती रसायनंच बंद करते. खांदा शांत होतो, आणि तिकडे किडनीची नळी आवळते. भरपूर पाणी पिणाऱ्या धडधाकट माणसाने क्वचित घेतली तर बहुधा निभावतं. पण रोज घ्यायची, आगीपुढे बसून, पाण्याविना..."

त्या पुढे बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. बोअरमधलं पाणी खाली गेलं आणि मोटार तशीच चालू ठेवली की काय होतं, हे मी जन्मभर शेतकऱ्यांना ओरडून सांगत आलोय. कोरडी मोटार चालवू नका रे, वाइंडिंग जळतं. जळलेली मोटार आणली की मी त्यांना काय काय बोललोय! आणि माझ्या घरात मोटार कोरडी चालली होती, बटण माझ्या हातात होतं.

"पूर्ण बऱ्या होतील का?" मी विचारलं.

"पूर्ण नाही. डायलिसिस सुटेल असं वाटतंय. पण जळलेला भाग परत येत नाही." त्या उठल्या. "तुम्ही आणखी थोडा वेळ गप्प बसला असतात तर हे बोलायलाही मी बसले नसते. मला कचेरीला कळवावं लागेल, तेवढं मात्र लक्षात घ्या."

कळवलं त्यांनी. माझा जबाब झाला. पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत सगळ्या टोळीचा परवाना बंद. टोळीतल्या प्रत्येकीला बोलावून, डोळ्यांसमोर, तिच्या स्वतःच्या हातावर पट्टी लावली आणि निकाल येईस्तोवर तिथेच बसवून ठेवलं.

वैजू घरी आली ती मुक्याने. डायलिसिस सुटलं, दिवा लालचा पिवळा झाला. आता जन्मभर पिवळाच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. दुखायची गोळी कायमची बंद. केळी बंद, आमरस बंद, डाळ मोजून. फैजपुरात राहून केळी बंद! मी हे म्हणून बघितलं, हसेल म्हणून. हसली नाही. माझ्याशी एक शब्द नाही. धनू पुण्याहून आली, तिच्याशी बोलायची. शेजारणीशी बोलायची. मी समोर आलो की तोंडाला कुलूप. धनू म्हणाली, "पप्पा, येईल राग खाली." मी म्हटलं, "तिने तुझी आण घातली होती आणि मी मोडली." धनू म्हणाली, "मी तर ठणठणीत आहे," आणि माझ्या गळ्यात पडली.

टोळीतली एकही बाई घराकडे फिरकली नाही. रस्त्यात दिसल्या तर पलीकडून जायच्या. मी तरी काय म्हणणार होतो? त्यांच्या चुली मी विझवल्या होत्या.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी कोकिळा आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. दारात उभी राहून तिने हात पुढे केला. पट्टी तिच्या स्वतःच्या हातावर होती. पिवळी.

"दोघी पिवळ्या निघालो आम्ही, भाऊजी," ती म्हणाली. "मी आणि सखूबाई. इतके दिवस माझी पट्टी सासूच्या हातावर होती. म्हातारी ठणठणीत." तिने हात मागे घेतला. "डॉक्टर म्हणतात वेळेवर कळलं." मग आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "ताई, दिवाळीनंतर जिथे संडास नाही तिथे खापर मांडायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय. तुम्ही मुकादम आहात, तुम्हीच सांगायचं लग्नवाल्या शेठला." आणि गेली.

आखाजीला सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. धनू देवाचं करत होती. मागच्या अंगणातून धूर आला. गेलो तर वैजू चुलीपाशी. लहान खापर पालथं घातलेलं, परातीत एकच उंडा.

"वैजू, डॉक्टरांनी आगीपाशी..."

तिने बघितलंही नाही. शेजारचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी पिऊन रिकामा केला. मग उंडा लाटला आणि हातावर घेतला. उजवा खांदा अवघडलेला होता, चेहऱ्यावर कळ उमटत होती. तरी हात तेच. या हातावरून त्या हातावर, या हातावरून त्या हातावर, मांडा वाढत गेला. मनगट ओलांडून पुढे गेला आणि पट्टीच्या कडेला अडकला. टर्र.

मधोमध भोक पडलं. त्यातून पिवळा दिवा दिसत होता.

ती बघत राहिली. मला वाटलं, आता चुरगाळून चुलीत टाकणार. पट्टीलाही हात घालेल, सोलून माझ्याकडे फेकेल. माझा हात नकळत पाठीमागे गेला.

तिने तो तसाच खापरावर टाकला. भाजला, घडी घातली, ताटात ठेवला. शेजारी रसाची वाटी ठेवली, जो रस तिला चालत नव्हता. ताट माझ्यापुढे सरकवलं.

"फाटलाय," ती म्हणाली. दवाखान्यानंतरचा माझ्याशी बोललेला पहिला शब्द. "तसाच खा."

मी खाली बसलो आणि खाल्ला.